तोफ, गोलंदाज आणि गोळा

संरक्षण मंत्रालयाने २६ मार्च २०२५ रोजी एका करारावर स्वाक्षरी केली. ३०७ तोफा आणि त्या ओढून नेणारी वाहने, एकूण किंमत सुमारे ६,९०० कोटी रुपये. वृत्तपत्रांनी ही बातमी दिली, दूरचित्रवाणीने ती एक संध्याकाळ दाखवली आणि विषय संपला. परंतु ज्यांनी १९८७ पासून या देशातील तोफांच्या खरेदीचे दुर्दैवी पुराण पाहिले आहे, त्यांना या स्वाक्षरीचे मोल निराळे सांगावयास नको. १५५ मिलिमीटर व्यासाची, ५२ कॅलिबरची, म्हणजे आठ मीटरहून किंचित लांब नळीची ही ‘अटॅग्स’ तोफ भारतात कल्पिली गेली आणि भारतातच घडली. तिचा आराखडा पुण्यात पाषाणच्या आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेत २०१३ पासून आकाराला आला. तिची निर्मिती भारत फोर्ज आणि टाटा या दोन स्वदेशी उद्योगांकडे आहे. २०१७ च्या चाचणीत तिने ४८ किलोमीटरपर्यंत गोळा फेकला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावरील सलामीत, वर्षानुवर्षे वापरात असलेल्या ब्रिटिश तोफांच्या जोडीने, ती प्रथमच गरजली. तिला पुणेकर म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. जबलपूरच्या ‘धनुष’ने त्याबद्दल रागावू नये!

या आनंदाला एक जुनी सल आहे. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा सुमारे १,४३७ कोटींचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश नभोवाणीने दलालीची बातमी फोडली आणि पुढील सारा इतिहास सर्वज्ञात आहे. न्यायालयांत खटले वर्षानुवर्षे रेंगाळले, कोणावरही दोष सिद्ध झाला नाही. शिक्षा मात्र झाली. ती भोगली भारतीय तोफखान्याने. त्या करारानुसार तंत्रज्ञानाची कागदपत्रे आपल्याला मिळाली होती. त्यांवरून तोफा येथेच तयार करावयाच्या होत्या. ती कागदपत्रे दोन दशकांहून अधिक काळ कपाटात धूळ खात पडली. ज्या कागदांसाठी देशाने पैसे मोजले होते, ते उघडून पाहण्याचे धैर्य कोणाही सरकारला झाले नाही, कारण त्यांवर ‘बोफोर्स’ हे नाव होते. अखेर त्यांच्याच आधारे ‘धनुष’ घडली आणि तिच्या पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हाती पडल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये.

मधल्या काळात कारगिल घडले. द्रासच्या परिसरात शत्रू तोलोलिंगच्या माथ्यावर बसून श्रीनगर-लेह महामार्गावरील प्रत्येक वाहन मोजत होता आणि आपल्या तोफांना नेमके लक्ष्य सांगत होता. हॉवित्झर तोफ एरवी टेकडीच्या आडून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करते. गोळा कमानीने चढतो आणि पलीकडे उतरतो. द्रासमध्ये आपल्या गोलंदाजांनी बोफोर्स महामार्गाच्या कडेला उघड्यावर आणून उभ्या केल्या आणि समोर दिसणाऱ्या शिखरावर नळ्या रोखून थेट मारा केला. ज्या तोफेला शत्रू दिसतो, ती तोफही शत्रूला दिसते. हे ठाऊक असूनही ते तेथे उभे राहिले. त्या युद्धात तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट लाँचर मिळून सुमारे ३०० नळ्या गर्जत होत्या. दिवसाला सरासरी ५,००० गोळे सुटत होते आणि टायगर हिल हाती आली त्या दिवशी ही संख्या ९,००० वर गेली. एकूण अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली गेली. विरळ हवेत गोळ्याला अडथळा कमी होतो, पल्ला वाढतो आणि सपाटीवर तयार केलेली गणिते चुकू लागतात. ती गणिते आपल्या लोकांनी त्या थंडीत, शत्रूच्या माऱ्याखाली नव्याने मांडली.

कारगिलच्या चार परमवीर चक्र विजेत्यांमध्ये एकही गोलंदाज नाही. यात कोणाचा दोष नाही. शिखरावर शेवटची झेप पायदळच घेते आणि तो मान त्याचाच आहे. परंतु त्या झेपेच्या काही क्षण आधीपर्यंत शत्रूला खंदकातून डोके वर काढू न देणारा, आपल्याच पुढे सरकणाऱ्या जवानांच्या डोक्यांवरून गोळे नेणारा जो कोणी खाली उभा होता, त्याची आठवण समाजाने फारशी ठेवली नाही. पॉइंट ५१४० या शिखराला जुलै २०२२ मध्ये ‘गन हिल’ असे नाव देण्यात आले. उशिरा का होईना, सैन्याने आपल्या गोलंदाजांचे ऋण मान्य केले.

हा गोलंदाज असतो तरी कोण? एका तोफेवर सहा ते आठ जणांची तुकडी असते. तिचा प्रमुख बहुधा हवालदार असतो आणि त्याला ‘नंबर वन’ म्हणतात. एक जण दिशा आणि नळीचा चढ साधतो, दुसरे गोळा आणतात, तिसरा दारूच्या पिशव्या मोजून देतो. गोळ्याचे वजन ४३ किलोंच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या भरल्या पोत्याहून थोडेसेच कमी. नव्या तोफांत गोळा आत सरकवण्याचे काम यंत्र करते. परंतु वाहनातून तो उतरवणे, फ्यूज चढवणे, ओळीने मांडणे हे मनुष्यबळाचेच काम राहते. १४,००० फुटांवर, जेथे बुटाची नाडी बांधताना धाप लागते, जेथे उघडा हात पोलादाला चिकटतो, तेथे हे काम रात्रभर करावयाचे असते. दोन-तीन मारे झाले की तोफ उचलून जागा बदलावयाची, कारण शत्रूचे रडार हवेतील गोळ्याचा माग काढत आपल्या तोफेपर्यंत पोहोचत असते. आता तर डोक्यावर ड्रोन घिरट्या घालू लागले आहेत. २०२३ पासून या दलात महिला अधिकारीही दाखल झाल्या आहेत. अनेक निवृत्त गोलंदाजांना ऐकू कमी येते. ते त्याबद्दल तक्रार करीत नाहीत, फक्त जरा मोठ्याने बोलतात.

पायदळाच्या पलटणीला निशाण असते. तोफखान्याला नसते, त्याची तोफ हेच त्याचे निशाण, आणि ती सोडून जावयाचे नाही ही त्याची परंपरा. ही परंपरा केवळ इंग्रजांकडून आलेली नाही, हे जालना जिल्ह्यातील असई गावाला विचारावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर हल्ला केला, तेव्हा मराठ्यांच्या गोलंदाजांनी अखेरपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागू लागले. वेलस्लीच्या हाती शंभराच्या आसपास तोफा लागल्या आणि त्या उत्तम असल्याचे त्याला मान्य करावे लागले. महादजींच्या काळापासून शिंद्यांनी आग्र्याला तोफा ओतण्याची व्यवस्था केली होती. तोफ चांगली होती, गोलंदाज एकनिष्ठ होता. मग उणे काय होते? त्या फौजेचे अधिकारी परके होते. युद्धाच्या तोंडावर कंपनी सरकारने जाहीरनामा काढून त्यांतील इंग्रजांना पगाराची हमी दिली आणि त्यांच्यापैकी अनेक जण निघून गेले. उसने ज्ञान ऐन वेळी आपल्या मूळ धन्याकडे परत जाते.

म्हणून पाषाणच्या आराखड्याचे कौतुक. परंतु कौतुक करताना हिशेब विसरता कामा नये. १९९९ मध्ये तोफखान्याच्या नूतनीकरणाची जी योजना आखली गेली, तीत नुसत्या ओढून नेण्याच्या तोफा १,५८० हव्या होत्या. ‘धनुष’ची मागणी ११४ ची आणि ‘अटॅग्स’ची ३०७ ची. बेरीज वाचकांनीच करावी. बोफोर्सनंतर १५५ मिलिमीटरची नवी तोफ भारतात आली ती मे २०१७ मध्ये, अमेरिकेकडून घेतलेल्या १४५ हलक्या हॉवित्झरपैकी पहिल्या दोन. तीस वर्षांच्या या उपवासात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. आरोप झाला की कंपनी काळ्या यादीत टाकावयाची, निविदा रद्द करावयाची, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा, हाच परिपाठ झाला. भ्रष्टाचार रोखलाच पाहिजे; पण चोराला सोडून घरालाच कुलूप लावण्याने कोणाचे रक्षण झाले? आणि स्वदेशी या शब्दाने सारे दोष धुऊन निघत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘धनुष’साठी पुरविलेली बेअरिंग जर्मन म्हणून दाखवलेली, पण प्रत्यक्षात चिनी बनावटीची होती, असा गुन्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१७ मध्ये नोंदवला. चिनी सीमेवर रोखावयाच्या तोफेत चिनी बेअरिंग! ‘अटॅग्स’चीही नळी सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत फुटली आणि चार जण जखमी झाले. चाचणी असते ती दोष सापडावा म्हणूनच. त्यानंतर घाई न करता चाचण्या पुढे चालवल्या गेल्या, हे योग्यच झाले.

तोफ एकदा घेतली की तीस-चाळीस वर्षे टिकते. गोळा एका क्षणात संपतो. युक्रेनच्या युद्धाने हे जगाला दाखवले. दहा लाख गोळे मार्च २०२४ पर्यंत देण्याचे वचन युरोपीय संघाला पाळता आले नाही, इतकी तेथील कारखान्यांची क्षमता आटलेली होती. आपल्याकडे महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्येच नोंदवले की दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता. त्यानंतर स्थिती सुधारण्यासाठी बरेच झाले, ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आले. पण गोळ्याचा प्रश्न केवळ संख्येचा नाही. तो विश्वासाचा आहे. तोफेमागे उभा असलेला जवान, हातातील गोळा शत्रूवरच फुटेल, आपल्यावर नव्हे, या एका भरवशावर दोरी ओढतो.

आणि तो भरवसा महाराष्ट्राच्या भूमीवरच तीनदा तुटला आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या रात्री आग लागली आणि पंधराहून अधिक अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीच्या सरावभूमीवर तोफेचा गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. विशीच्या उंबरठ्यावरची ती मुले प्रशिक्षणासाठी आली होती. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार दगावले. त्यांचा गणवेश खाकी नव्हता, म्हणून त्यांचे मरण कमी राष्ट्रीय ठरत नाही.

या घटनांबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अवमान, असे मानणारा एक वर्ग आपल्यातही आहे. आम्हांस ते मान्य नाही. देवळालीच्या त्या दोन मुलांच्या घरी आर्थिक साहाय्य पोहोचले असेल. पण अग्निपथ योजनेत कुटुंबाला आजन्म निवृत्तिवेतन नाही. सरावात गोळा फुटून मरण आले, तर तोफेवर उभ्या असलेल्या नियमित जवानाचे कुटुंब आणि अग्निवीराचे कुटुंब यांत भेद का असावा, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे. त्याचप्रमाणे गोळ्याच्या प्रत्येक घाण्याची निर्मितीतारीख, तपासणी करणाऱ्याची स्वाक्षरी आणि साठवणुकीची नोंद तोफेपर्यंत गोळ्यासोबत यावी. आणि अपघाताच्या चौकशीचे जे निष्कर्ष गोपनीय नाहीत, ते त्या कुटुंबांना तरी लेखी कळवावेत. ३०७ तोफांच्या करारातील पहिली तोफ रेजिमेंटमध्ये दाखल होण्यापूर्वी हे करणे शक्य आहे आणि त्याला परदेशातून काहीही आणावे लागत नाही.