बिलावरचं सहावं अक्षर

लग्नसराईत आहेराच्या चादरी घेताना आपण सोलापूरकर वीण चाचपतो, रंग जाईल का विचारतो आणि बिल न वाचता खिशात कोंबतो. या आठवड्यात मी ते वाचलं. पाटीवर ‘आणि कंपनी’, पण जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर ‘पी’, म्हणजे मालक एकटाच. कंपनी असती तर तिथे ‘सी’ असता. त्यात गैर काही नाही, गल्ल्यावर बसलेला माणूस आपल्याकडे एकटाही कंपनीच असतो. खऱ्या कंपनीला मात्र २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असतो आणि २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ नुसार तो बिलावर, लेटरहेडवर छापावाच लागतो. आपल्या बालाजी अमाइन्सचा बघा: सुरुवातीचा ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, मधलं १९८८ हे स्थापनेचं साल, पुढे ‘पीएलसी’ म्हणजे पब्लिक लिमिटेड. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचं साल १९९२, पण राज्याच्या जागी ‘एमएच’ऐवजी ‘पीएन’, म्हणजे पुणे! पुणं स्वतःला वेगळं राज्य समजतं, याचा सरकारी पुरावाच मिळाला म्हणायचा. ते असो. ठेव किंवा आगाऊ रक्कम मागणाऱ्या ‘लिमिटेड’च्या कागदावर हा क्रमांक नसेल, तर चहा प्यावा आणि उठावं. असला, तरी तो जन्माचा दाखला आहे, वर्तणुकीचा नव्हे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो टाकून कंपनी अजून हयात आहे का, एवढं बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये.