सुट्टी, सहल आणि दारावरची पाटी

दिल्लीतील शाळा मे महिन्याच्या मध्यास बंद होतात व जुलैच्या आरंभी उघडतात. या सात आठवड्यांत राजधानीतील महाराष्ट्रीय घरांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: मुलांना घेऊन जावे कोठे? ज्या घरी कुत्रा पाळलेला आहे त्या घरी या प्रश्नास एक शेपूट असते, आणि प्रश्नापेक्षा ते शेपूटच अवघड जाते. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने असल्या विषयास हात घालावा काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, बागेच्या दारावर जी पाटी लागते तिच्या फायलीवर सही करणाऱ्यांच्या वर्गात आमचे वाचक मोडतात, आणि त्या पाटीपाशी उभी राहून नागरिकत्वाचा पहिला धडा घेणारी मुलेही त्यांचीच आहेत. तो धडा खोटा असेल तर त्याविषयी बोलणे आमचे कर्तव्य आहे.

आधी आजोळची वाट पाहू. रेल्वेच्या नियमाप्रमाणे कुत्र्याला सोबत न्यावयाचे तर वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन किंवा चार शय्यांची संपूर्ण खोली स्वतःसाठी राखावी लागते. ते न साधल्यास गार्डाच्या डब्यातील पेटीत त्याची रवानगी होते. जूनच्या उन्हात निजामुद्दीनपासून पुण्यापर्यंतचा प्रवास त्या पेटीत कसा होत असेल, याची कल्पना करवत नाही. तेव्हा कुटुंब एक तर दिल्लीतच राहते, नाही तर कुत्रा अर्दलीच्या हवाली करून निघून जाते. दिल्लीत राहिलेल्यांपुढेही दारे थोडीच उघडी असतात. मेट्रोत पाळीव प्राण्यास प्रवेश नाही. कुतुब अथवा हुमायूनची कबर यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत नाही. प्राणिसंग्रहालयात तर नाहीच.

या सर्वच बंदींविरुद्ध आमचे भांडण नाही. पिंजऱ्यातील हरणांपुढे कुत्रा नेणे हा शुद्ध अविचार होय. असोला-भट्टीच्या अभयारण्यात तो रोग नेतो आणि रानातल्या जिवांच्या मागे लागतो. तेथे त्याला मज्जाव हवाच. आमचे भांडण आहे ते वसाहतीच्या बागेशी, मोहल्ल्यातील मैदानाशी. जेथे रक्षण करण्यासारखे दुर्मिळ काही नाही आणि जेथे लोकांनी यावे म्हणूनच लोकांच्या पैशाने हिरवळ राखली जाते, तेथेही एक निळी पाटी लावून मोकळे व्हायचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. लोदी बागेत व नेहरू पार्कात पहाटे साखळीला धरलेली कुत्री आणि फिरावयास आलेले वृद्ध एकाच वाटेवरून जाताना दिसतात. जे तेथे साधते ते रामकृष्णपुरम्‌मधील अथवा नोएडातील बागेत का साधू नये?

कायदा काय सांगतो तेही पाहावे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकापासून ज्याची वाट सुरू झाली, तो प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या अकराव्या कलमानुसार, नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडू-फिरू न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. म्हणजे सरकार एका हाताने नागरिकास सांगते की, कुत्र्याला फिरवले नाहीस तर तू गुन्हेगार. आणि दुसऱ्या हाताने बागेच्या दारावर लिहिते की, येथे त्याला आणू नकोस. मग त्याने त्याला फिरवावे कोठे? रिंग रोडवर? प्राणिकल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले की, रहिवाशांच्या संघांना बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही. तरीही गुडगाव-गाझियाबादच्या उंच इमारतींतून उद्वाहक आणि हिरवळ यांवरून भांडणे चालूच आहेत.

प्रतिपक्ष दुबळा आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. लहान मुले असलेल्या आईची भीती खरी आहे. दिल्ली व आसपासच्या भागांतील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न इतका विकोपास गेला की, ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्वांस उचलून निवाऱ्यांत कोंडण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला व निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली व हिंस्र वगळून, मूळ जागी सोडण्यास सांगितले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले व स्थानके यांच्या आवारांतून ती कायमची हलविण्याचे फर्मावले. परंतु हा वाद भटक्या कुत्र्यांचा आहे. त्याचे खापर साखळीतल्या, लस टोचलेल्या, नोंद झालेल्या कुत्र्यावर फोडण्यात न्याय नाही. शिवाय रस्त्यावरची सगळीच कुत्री रस्त्यावर जन्मलेली नसतात. बदलीचा हुकूम आला, नव्या ठिकाणी घर लहान मिळाले, आणि मुलांच्या वाढदिवसाला हौसेने आणलेला जीव वसाहतीच्या फाटकाबाहेर राहिला, अशीही त्यांतली काही असतात. तेच अकरावे कलम यालाही गुन्हा म्हणते.

येथे आम्ही दुखऱ्या जागी येतो. मे २०२२ मध्ये त्यागराज क्रीडासंकुलाची बातमी देशभर गाजली. एक सनदी अधिकारी आपला कुत्रा धावपट्टीवर फिरवतात आणि त्यासाठी सराव करणाऱ्या खेळाडूंना सातच्या सुमारास बाहेर काढले जाते, असा आरोप होता. खेळाडूंना आपण बाहेर जाण्यास सांगितले नाही, असे त्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. बातमी आली त्याच दिवशी त्यांची लडाखला व त्यांच्या अधिकारी पत्नीची अरुणाचलला बदली झाली, आणि दिल्ली सरकारने आपली क्रीडासंकुले रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा आदेश काढला. व्यक्तींविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु त्या घटनेने देश का पेटला, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा. कुत्रा फिरवला म्हणून कोणी चिडले नव्हते. सामान्य माणसाला जी पाटी अडवते ती साहेबाला अडवत नाही, हा प्रत्येकाचा रोजचा अनुभव होता आणि त्याला त्या दिवशी एक छायाचित्र मिळाले. बंदी सर्वांना, सवलत आपणांस, अशी व्यवस्था ज्या बागेत चालते तेथे मुले हेच शिकतात की, नियम पाळण्यासाठी नसून ओळख असणाऱ्याने ओलांडण्यासाठी असतात.

आम्ही बसलो आहोत ते इंद्रप्रस्थात. या नगरीच्या पहिल्या राजाची शेवटची कथा कुत्र्याचीच आहे. महाप्रस्थानाच्या अखेरीस स्वर्गाच्या दारी इंद्राने युधिष्ठिरास तीच पाटी दाखविली: कुत्र्याला प्रवेश नाही. राजाला स्वतःला आत जाण्याची परवानगी होती. रथ तयार होता. ती सवलत त्याने नाकारली, कारण सोबत चालत आलेल्याला दारात सोडून आत जाणे त्याला अधर्म वाटला. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ज्यांच्या घरी सांगितले जातात आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री बसतात, त्या आमच्या वाचकांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी.

मग करावे काय? बागेच्या एका कोपऱ्यास कुंपण घालावे आणि सुट्टीत पहाटे पाच ते सात व सूर्यास्तानंतर दोन तास तेथे कुत्र्यांसह येणाऱ्या कुटुंबांस मोकळीक द्यावी. या वेळा आम्ही सोयीसाठी सुचवीत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड राखतो, आणि दिल्लीच्या लूत ते पुरत नाही. तळहाताची मागची बाजू ज्या डांबरावर सात सेकंद टेकवत नाही त्यावर त्याचे पाय भाजतात. बंद मोटारीत तो काही मिनिटांत दगावू शकतो. दुपारी इंडिया गेटला सहकुटुंब सहल काढून त्याला फरफटत नेणाऱ्यास प्राणिप्रेमी म्हणण्यास आम्ही तयार नाही.

मोकळीक मागणाऱ्यावर बंधनेही यावीत. दिल्ली महानगरपालिकेच्या १९५७ च्या कायद्यात कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. ती नोंद दाखविल्याशिवाय फाटक उघडू नये. रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी, साखळी आखूड असावी आणि घाण मालकाने स्वतः उचलावी. ‘स्वतः’ या शब्दावर आमचा भर आहे. अर्दलीने उचललेल्या घाणीने बाग स्वच्छ होईल, पण घरातल्या मुलाला काही कळणार नाही. दहा वर्षांचा मुलगा कागदात घाण गुंडाळून कचऱ्याच्या डब्यापर्यंत चालत गेला, आणि वाटेत घाबरलेली एक लहान मुलगी पाहून त्याने साखळी आवळून घेतली, तर त्याची सुट्टी वाया गेली नाही असे आम्ही समजू.

ज्यांच्या हाती फाइल आहे त्यांनी मे उजाडण्यापूर्वी एवढे करावे. निदान एका बागेवरची पाटी काढून तेथे वेळा आणि अटी लिहिलेली पाटी लावावी. आणि त्या वेळेस, त्या अटींवर, आपला कुत्रा आपल्या हाताने धरून, मुलांसह रांगेत उभे राहावे.