मागच्या बाकावरचा मुलगा

मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत मी सातवीला इतिहास शिकवते. अफझलखानाचा प्रसंग आला की काही मुलं वळून मागच्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहतात. तो मान खाली घालतो. लहानपणी मीही घालायचे.

पूर्वी मी लगेच सांगायचे, महाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. हे खरं आहे आणि शिकवायलाच हवं. लढाई राज्यांची होती हे त्यातून कळतं. पण मी ते वर्गासाठी नाही, त्या एकट्यासाठी सांगत होते. जणू त्याला जामीन हवा होता. बारा वर्षांच्या मुलाला १६५९ सालासाठी जामीन का लागावा?

आता आठवड्यातला एक तास मी आमच्या धरणाला देते. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला. तरी धरण झालं. जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला गेली. मुलांना म्हणते, घरी विचारून या. आपलं काय गेलं? हे सांगणाऱ्याला कुणी सांगितलं?

तो मुलगा दादीला विचारून आला. त्याच्या खापरपणजोबांचं भाताचं खाचर बुडालं होतं. शेजारी बसणाऱ्याच्याही. त्या दिवशीही वर्ग वळून त्याच्याकडेच पाहत होता. पण तो बोलत होता.

मित्रांनो, आपण निर्दोष असल्याचे पुरावे जमवण्यात फार वेळ घालवतो. आरोपीची जागा सोडा. प्रश्न विचारा, पुरावा मागा, घरचं सांगा. हा इतिहास आपलाही आहे.