तांब्याइतकीच आवरणाचीही चौकशी करा

वायर घ्यायला दुकानात गेलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं ते तांब्याचं. अस्सल आहे ना, किती शुद्ध आहे, भेसळ नाही ना? प्रश्न रास्तच आहेत. घरगुती वायरिंगला तांब्यासारखा वाहक नाही. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. पण त्या तांब्यावर जे रंगीत आवरण असतं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. दिवा लागतो तांब्यामुळे, पण घरातली माणसं सुखरूप राहतात ती त्या आवरणामुळे.

हे आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. त्याच्या आत राहिलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं; रोज त्यापुढे तापलं तर कडक होतं, तडकतं. घर जुनं असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला गिझरचा बोर्ड उघडायला सांगा आणि शेजारी उभं राहून बघा. स्क्रूपाशी तांबं काळवंडलेलं, आवरण तपकिरी पडलेलं, वायर जराशी वाकवली की त्याचे तुकडे गळून पडतात. कारण बहुतेक वेळा सैल स्क्रू, नाहीतर बारीक वायर. 2 किलोवॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर करंट ओढतो. दिव्या-पंख्याच्या वायरीवरच त्याचा प्लग बसवून देणारे महाभाग आहेत. त्यांचं ऐकू नका. गिझरला 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढून घ्या. वायरच्या गुंडाळीवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस 694 हा क्रमांक आहे का, तेही पाहा.

शहरात नि गावात सारखाच दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार. तिचं एक टोक पत्र्याच्या शेडला बांधलेलं असतं आणि त्याच पत्र्यावरून बल्बची वायर गेलेली असते. पत्र्याच्या कडेवर घासून घासून आवरण झिजतं, तांबं पत्र्याला टेकतं आणि शेड, तार, ओले कपडे सगळ्यांत करंट उतरतो. दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात, आणि अनेकदा सोडवायला धावलेलं माणूसही जातं. म्हणून ती तार आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. स्विच सापडत नसेल तर कोरडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून त्याला बाजूला ढकला. काठी कोरडीच हवी. ओलं लाकूड वीज वाहून नेतं.

खांबावरच्या तारांबद्दलही एक गैरसमज आहे. त्यांच्यावर काहीतरी लेप असेल असं अनेकांना वाटतं. बहुतेक ठिकाणी तो नसतो. ती उघडी अ‍ॅल्युमिनियमची तार असते. मध्ये हवा आणि खांबापाशी चिनीमातीचे चॉकलेटी इन्सुलेटर, एवढंच तिचं आवरण. आंबे काढताना झेल्याची हिरवी काठी किंवा लोखंडी पाइप तिच्याजवळ जाता कामा नये. तुटून पडलेली तार दिसली तर लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि 1912 या क्रमांकावर कळवा.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असं म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. माणसाच्या जिवाला 30 मिलिअँपिअरच्या पुढचा करंट धोक्याचा. म्हणजे गिझर ओढतो त्याच्या तीनशेव्या भागाएवढा. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतसुद्धा नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. करंट भलत्या वाटेनं जमिनीत चालला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. टाइल्सवर, रंगावर खर्च करताना मागेपुढे न पाहणारी माणसं इथे का हात आखडता घेतात, ते मला खरंच कळत नाही.

पाऊस सुरू होण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा, आवरणं आणि अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी नसेल तर बसवा. बसवल्यावर त्याच्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो त्याच दिवशी बदला.