एकर मोजून पंप निवडू नका

डहाणू-तलासरीत मोटर घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला दुकानात पहिला प्रश्न येतो तो 'किती एचपीची?' विहिरीत वैशाखात पाणी किती उरते, ते किती उंच चढवायचे, तासाला किती हवे, हे कुणी विचारत नाही. सरकारनेही हीच सवय पक्की केली आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, असे कोष्टक आहे. अर्ज झटपट निकाली काढायला ते सोयीचे आहे. पंप निवडायला मात्र ते चुकीचे आहे, आणि या दोन तालुक्यांत तर फारच चुकीचे.

हिशेब मांडून पाहू. बोर्डी-घोलवडकडे दोन एकरांची चिकूची वाडी आहे. दहा-दहा मीटरवर लावलेली सुमारे ऐंशी झाडे. उन्हाळ्यात झाडामागे रोज दीडशे लिटर धरले, तरी बारा हजार लिटर झाले. सेकंदाला एक लिटर देणारा पंप ते काम साडेतीन तासांत उरकतो. विहिरीतली पातळी आठ मीटर खाली, ठिबकाला लागणारा दाब दहा मीटरचा, फिल्टर आणि पाइपातले घर्षण धरून एकूण हेड पंचवीस मीटर. सेकंदाचे लिटर गुणिले मीटर गुणिले 9.81 म्हणजे वॉट. इथे 245 वॉट येतात. पंपाची कार्यक्षमता 40 टक्केच धरली तरी सहाशेच्या थोडे वर. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. या वाडीला एक एचपी पुरून उरतो.

आता तलासरीच्या पूर्वेकडे चला. तिथेही दोनच एकर, पण जमीन उताराची, पाणी खालच्या ओहोळात आणि भाजीचा मळा वर. सेकंदाला दोन लिटर, हेड पंचेचाळीस मीटर. हाच हिशेब केला तर गरज तीन अश्वशक्तीच्या घरात जाते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र सारखे, पंपाची गरज तिपटीने वेगळी. कोष्टक दोघांनाही एकच उत्तर देते.

'मोठा घेतला तर बिघडते काय? आदिवासी शेतकऱ्याला पाचच टक्के भरायचे आहेत,' असे सर्रास म्हटले जाते. बिघडते ते विहिरीत. कातळातल्या विहिरीला झिरपून जेवढे पाणी मिळते तेवढेच मिळते, पंपाच्या आकाराने झरा वाढत नाही. मोठी मोटर अर्ध्या तासात तळ गाठते, कोरडी फिरते आणि सील जाळून घेते. झाई ते नरपड या किनारपट्टीवर तर धोका आणखी खोल आहे. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर असलेल्या दर एक मीटर गोड्या पाण्याखाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी टिकते. उलट बाजूने पाहिले तर वरची पातळी एक मीटर खेचली की खालचा खारेपणा चाळीस मीटर वर सरकायला वाट मिळते. चिकूच्या मुळाशी एकदा क्षार पोचले की ते काढायला कोणतीही योजना येत नाही.

दुसरा युक्तिवाद विजेचा. कृषी वाहिनीला वीज मोजके तासच येते, तेवढ्यात काम आटोपायला हवे, म्हणून मोटर दांडगी हवी. तारेवरच्या मोटरीपुरते यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. पण सौर पंपाला ही घाई नाही. दिवसभर मंद गतीने चालणारा लहान पंप विहिरीला भरायला उसंत देतो. वर एक टाकी बांधली तर प्रश्नच मिटतो.

हेडचा विचार नेमका काय असतो हे पाहायला एक दूरचे उदाहरण फार उपयोगी आहे. उत्तर अमेरिकेत घराबाहेर लाकडाची भट्टी असते. तिच्यातले गरम पाणी नळ्यांतून घरभर फिरते आणि पुन्हा भट्टीत येते. घर दोन मजली असले तरी तो पंप अगदी लहान असतो, कारण वर्तुळ बंद आहे. वर चढणाऱ्या पाण्याचा भार खाली उतरणारे पाणीच तोलते. पंपाला झगडायचे असते ते फक्त घर्षणाशी. आपले पाणी चढते ते परत येत नाही, म्हणून आपल्याला उंची आणि घर्षण दोन्ही मोजावी लागतात. तिथला जाणता कारागीरही प्रवाह आणि हेड ठरल्याशिवाय पंप सांगत नाही. आपणच का एकर सांगावेत?

घर्षणाचे तर आपण नावच काढत नाही. पंपावर पैसे ओततो आणि पाइप अरुंद घेतो. पाइपचा आतला व्यास सव्वापट केला की तेवढ्याच प्रवाहाला घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येते. अनेक ठिकाणी अडीच इंची पाइप हेच खरे 'वाढीव एचपी' असते. तसेच सक्शनचे. काठावरची मोनोब्लॉक मोटर व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा खालचे पाणी ओढत नाही, मग ती कितीही दांडगी असो. पातळी त्याखाली जात असेल तर मोटर विहिरीत मचाणावर उतरवा किंवा पाणबुडी घ्या.

म्हणून करायचे ते असे. मेमध्ये दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्या. विहीर एक फूट उपसून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहा. विहिरीपासून मळ्यापर्यंतची चढण पारदर्शक लेव्हल नळीने मोजा. मग दुकानदाराकडे हेड आणि डिस्चार्जचा तक्ता मागा आणि आपली गरज तक्त्याच्या मधोमध पडेल असा पंप निवडा. एकाच अश्वशक्तीत निरनिराळ्या हेडचे पंप मिळतात. सत्तर मीटरचा पंप वीस मीटरला जोडला तर तो वाजवीपेक्षा जास्त पाणी फेकतो आणि मोटरीवर भार येतो.

योजनेत पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागता येतो. ही तरतूद गावोगावी सांगितली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्जावर एकरांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: मे महिन्यातली पाण्याची पातळी आणि चढवायची उंची. जागेची पाहणी करायला येणाऱ्या माणसाने ते स्वतः मोजून भरावेत, आणि त्या आकड्यांशी न जुळणारा पंप नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा.