आडनाव प्रिल

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात या सदराचं पान नव्हतं. संपादकांनी सौजन्याने ‘वैयक्तिक अडचणीमुळे’ असं छापलं. त्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंत निदान पंधरा जणींनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “सगळं ठीक आहे ना गं?” मी सगळ्यांना “हो हो” म्हणून वाटेला लावलं. आज सविस्तर सांगते. एक तर आता खरोखरच ठीक आहे. दुसरं म्हणजे कोजागिरीच्या मसाला दुधाला आणि ते करणाऱ्या वहिनींना उगाच बट्टा लागलाय, तो पुसायचा आहे.

कोजागिरीहून आम्ही अकराच्या सुमाराला घरी आलो. रात्री तीनला नवऱ्याने मला हलवून उठवलं. “अगं, ओठ बघ जरा,” असं काहीतरी तो म्हणाला, पण तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसं. दिवा लावला आणि माझे हातपाय गार पडले. वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला होता आणि जीभ तोंडात मावत नव्हती. माझ्या डोक्यात एकच आलं, पिस्ते! दुधात पिस्ते होते, काजू होते, कसली तरी अॅलर्जी झाली. ड्रॉवरमधली अॅलर्जीची गोळी काढून त्याला दिली, तर ती त्याला गिळता येईना. लाळही गिळता येत नव्हती. तेव्हा ९११ फिरवला.

नव्याने आलेल्यांसाठी सांगते, इथे फ्रीमाँटला अँब्युलन्सच्या आधी पुष्कळदा फायर ब्रिगेडचा बंब दारात येतो. तो पाहून आणखी घाबरायला होतं, पण घाबरू नका, त्यात पॅरामेडिक असतात. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि मला विचारलं, “हे कोणती औषधं घेतात?”

मी म्हटलं, “बीपीची गुलाबी गोळी.”

“नाव?”

नाव मला येत नव्हतं. एम.ए. मराठी, बी.एड., पुण्यात सहा वर्षं आठवी-नववीला व्याकरण शिकवलेली बाई मी. मुलांनी ‘ते हे काय’ म्हटलं की वर्गाबाहेर उभी करायची. तीन वर्षं रोज रात्री पाण्याच्या पेल्याबरोबर जी गोळी मी स्वतः नवऱ्याच्या हातावर ठेवत होते, तिचा मला फक्त रंग माहीत होता. पॅरामेडिक शांतपणे म्हणाला, “सगळ्या बाटल्या घेऊन या.” मी ड्रॉवर उपडा करून सगळं किराणा दुकानाच्या पिशवीत भरलं. लेकीला शेजारच्या तेलुगू आंटींकडे झोपेतच सोपवलं आणि निघाले.

इंजेक्शनाने सूज उतरली नाही. हॉस्पिटलमध्ये नाकातून कॅमेरा घालून घसा तपासला, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. सूज आणखी खाली सरकली तर श्वासनलिकेत नळी घालावी लागेल, आणि ती गेली नाही तर गळ्याला बाहेरून छेद द्यावा लागेल, त्याला संमती. मी सही केली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात फक्त प्रेम वगैरे नव्हतं. घरातला एकच पगार त्याचा, इन्शुरन्स त्याच्या नोकरीचा, माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. आमचं सगळं बिऱ्हाड त्या रात्री बोटभर रुंदीच्या एका नळीतून श्वास घेत होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी पिशवी पलंगावर ओतली. व्हिटॅमिन डी, अश्वगंधा, डोकेदुखीच्या गोळ्या, सासूबाईंची इथे राहून गेलेली सांधेदुखीची ट्यूब. “अंगावर गांधी उठल्यात का? खाज येतेय?” दोन्ही नव्हतं. त्यांनी बाटल्या फिरवून एकेक लेबल वाचलं आणि एक बाटली उचलून बाजूला ठेवली. लिसिनोप्रिल. “ही कधीपासून?” “तीन वर्षं.” “मग बहुतेक हीच.”

नळी घालावी लागली नाही. रात्र आणि पुढचा दिवस अतिदक्षता विभागात गेला आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत ओठ जागेवर आले.

तीन वर्षं मुकाट चाललेली गोळी आजच का उलटली, हा प्रश्न मी त्या दोन दिवसांत भेटेल त्याला विचारला. उत्तर मिळालं ते माझ्या भाषेत असं. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ असतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो, पण जास्त झाला तर त्या पाझरू लागतात आणि सूज येते. त्याला मोडून काढणारं एक एन्झाइम आहे, आणि तेच एन्झाइम बीपीही वाढवतं. ही गोळी ते एन्झाइम अडवते. बीपी उतरतं, पण काही जणांमध्ये ब्रॅडिकायनिन साठतो. त्यातून कोरडा खोकला पुष्कळांना होतो. तोंडाची-घशाची सूज मात्र विरळा, हजारात साधारण एक ते सात जणांना. बऱ्याचदा ती सुरुवातीच्या महिन्यांत येते, पण कित्येक वर्षांनीही येऊ शकते. नेहमीच्या अॅलर्जीचा हा प्रकारच नव्हे, म्हणून गांधी नाहीत, खाज नाही आणि अॅलर्जीच्या औषधांचा फारसा उपयोगही नाही. थोडक्यात, पिस्ते निर्दोष. वहिनी, यंदा दूध दोन पेले द्या.

या गोळ्यांची जन्मकथा मला फार आवडली. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब धाडकन उतरतो. तिथल्या शास्त्रज्ञांना १९४९ साली या विषाचा अभ्यास करतानाच ब्रॅडिकायनिन सापडला. पुढे सर्जिओ फेरेरा हे ब्राझीलचे शास्त्रज्ञ विषाचा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले, आणि त्या धाग्यावरून अमेरिकेत कॅप्टोप्रिल ही पहिली गोळी तयार झाली. १९८१ मध्ये तिला इथे मान्यता मिळाली. या कुळातल्या गोळ्यांनी लाखो लोकांची हृदयं आणि मूत्रपिंडं सांभाळली आहेत, हेही सांगायला हवं. आमच्याकडे उलटली म्हणून ती वाईट, असं मी म्हणणार नाही.

आता माझा स्वतःचा गुन्हा. त्या उन्हाळ्यात नवरा सारखा खोकत होता. कोरडा, ठसका लागल्यासारखा. आम्ही वणव्याच्या धुराला दोष दिला, मग परागकणांना. डॉक्टरांना सांगण्याइतकं ते काही मोठं वाटलं नाही. मी दोन महिने त्याला सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा पाजला. सप्टेंबरच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं आणि गोळी दहावरून वीस मिलिग्रॅमवर गेली. हॉस्पिटलमधून सुटताना औषधांची यादी करणाऱ्या फार्मासिस्टने विचारलं, “काही घरगुती औषधं?” मी अभिमानाने ज्येष्ठमध सांगितलं. तिचा हात कीबोर्डवर थांबला. भरपूर आणि सलग घेतलं तर ज्येष्ठमधाने बीपी वाढतं.

म्हणजे बघा, बहुधा गोळीचाच असलेला खोकला, त्यावर माझं ज्येष्ठमध, ज्येष्ठमधाने कदाचित वाढलेलं बीपी, आणि वाढलेल्या बीपीसाठी दुप्पट केलेली तीच गोळी. सूज डोसामुळे आली असं कोणी म्हटलेलं नाही, आणि खोकला झाला म्हणजे सूज येणारच असंही नाही. पण ‘आजीच्या बटव्यातलं, म्हणजे निरुपद्रवी’ हे माझं वाक्य मी तेव्हापासून मागे घेतलंय.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. नवरा म्हणाला, “आता एकही गोळी नाही. चालेन, मीठ सोडेन, योग करेन.” पुण्याहून सासूबाईंचाही फोनवर दुजोरा, “नकोतच बाई ती विषं.” आठवडाभर मीही गप्प बसले, कारण ती रात्र माझ्याही डोळ्यांसमोर होती. आठव्या दिवशी घरच्या मशिनवर आकडा आला १६४ वर १०२. चाळिशी न गाठलेला माणूस, ज्याचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी पक्षाघाताने गेले. त्या आकड्याने मला वाचा फुटली. मी म्हटलं, “अरे, त्या गोळीशी भांडण आहे ना? मग तिच्याशीच भांड. सगळ्या औषधशास्त्राशी कशाला?” दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे आला, तेही मी प्रश्नांची वही घेऊन बरोबर यायचं या अटीवर.

अॅम्लोडिपिन सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात त्याचे घोटे सुजले आणि पुन्हा पहाटे तीनला दिवा लागला. पण या वेळी माझ्या वहीत लिहिलेलं होतं की या गोळीने पायावर सूज येऊ शकते, ती निराळी, डोस बदलून बहुधा आटोक्यात येते, आणि तोंडाला सूज आली तर मात्र थेट ९११. आम्ही सकाळपर्यंत थांबलो. डोस बदलला, घोटे उतरले.

वहीत नावं लिहिता लिहिताच मला ते दिसलं. लिसिनोप्रिल, कॅप्टोप्रिल, रामिप्रिल, एनालाप्रिल. अगं बाई, हा तर प्रत्यय! शोध घेतला तर जागतिक आरोग्य संघटनेने हे ठरवूनच केलेलं आहे. औषधांच्या मूळ नावांची त्यांची पहिली यादी १९५३ साली निघाली, आणि एका कुळातल्या औषधांच्या नावात सारखा तुकडा ठेवायचा, अशी पद्धत आहे. आपल्या ‘कर’सारखंच. वाईकर, पंढरपूरकर, नाव काहीही असो, शेवट ऐकला की ओळख पटते. ‘प्रिल’वाले एका घरचे, ‘सार्टन’वाले शेजारचे, ‘डिपिन’ तिसरे, ‘ओलोल’ चौथे. पण हे मूळ नावाचं झालं. कंपनीने ठेवलेल्या नावात आडनाव दिसेलच असं नाही.

याचा उपयोग जुलैत झाला. पुण्याला गेलो होतो, मुक्काम दोन आठवड्यांनी वाढला आणि गोळ्या संपल्या. सासरचे जुने डॉक्टर नवऱ्याला लहानपणापासून ओळखतात. त्याने त्यांना सांगितलं, “अमेरिकेतल्या बीपीच्या गोळीने त्रास झाला होता.” एवढंच. ते बिचारे म्हणाले, “मग आपली इथली चांगली गोळी देतो.” संध्याकाळी केमिस्टकडून पट्टी आली. वर कंपनीने ठेवलेलं झोकदार नाव. मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. रामिप्रिल.

मी जेवणाच्या टेबलावरच खाली बसले. नवरा पेला भरून उभा होता.

डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अहो, घसा सुजला होता हे मला कुणी सांगितलं नाही.” खरंच होतं. आम्हीच नीट सांगितलं नव्हतं. इथल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये लाल अक्षरांत नोंद आहे, या कुळातली एकही गोळी पुन्हा कधीही द्यायची नाही. ती नोंद समुद्र ओलांडून सदाशिव पेठेत आपोआप पोचेल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. आता त्याच्या पाकिटात एक कार्ड आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. वर गोळीचं नाव, मग आडनाव, मग काय झालं ते आणि तारीख.

त्या रात्री सासूबाई त्यांचा स्टीलचा डबा घेऊन माझ्यापुढे बसल्या. सगळ्या पट्ट्या एकाच रबरबँडमध्ये. म्हणाल्या, “माझ्यात तो प्रिल कुठे आहे का बघ गं.” मी म्हटलं, “आई, तुम्हीच वाचा, खालची बारीक अक्षरं.” त्यांनी भिंग आणलं, पट्टी दिव्याखाली धरली आणि पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर जोडत वाचलं, “टेल... मि... सार्टन.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे मी शेजारच्या घरातली.”