इंग्रजीशी गट्टी : ‘लाइक’ म्हणजे नेहमीच ‘आवडणं’?

दोस्तांनो, तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, ‘व्हॉट इज युअर ब्रदर लाइक?’ तर काय उत्तर द्याल? ‘ही लाइक्स क्रिकेट’? थांबा! इथेच गुण जातात. भावाला काय आवडतं, हे बाईंनी विचारलेलंच नाही. भाऊ स्वभावाने कसा आहे, असं त्या विचारताहेत. म्हणून उत्तर हवं, ‘ही इज काइंड बट लेझी.’

मग ‘लाइक’ म्हणजे आवडणं, हे चूक का? मुळीच नाही. पण शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते, बरं का! वाक्यात तो काय काम करतो, त्यावरून ती ठरते.

हे दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा :

१) व्हॉट डज युअर ब्रदर लाइक?
२) व्हॉट इज युअर ब्रदर लाइक?

पहिल्यात ‘डज’ नुसता मदतनीस, म्हणजे सहाय्यकारी क्रियापद. मुख्य क्रियापद ‘लाइक’. दुसऱ्यात मात्र ‘इज’ हेच मुख्य क्रियापद आहे. तिथे ‘लाइक’ म्हणजे ‘सारखा’. ते झालं प्रिपोझिशन, आपलं शब्दयोगी अव्यय.

मराठीत हे अव्यय शब्दाला चिकटूनच राहतं : ‘कशासारखा’. इंग्रजीत ‘व्हॉट’ उडी मारून प्रश्नाच्या सुरुवातीला जातो आणि बिचारं प्रिपोझिशन शेवटी एकटं उरतं! ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ मधल्या ‘फ्रॉम’ची गतही तीच.

आता ओळखायची युक्ती. प्रश्नाचं साधं विधान करा :

१) माय ब्रदर लाइक्स मँगोज.
२) माय ब्रदर इज लाइक माय फादर.

पहिल्या विधानात ‘लाइक’ला ‘एस’ लागला, म्हणजे ते क्रियापद. दुसऱ्यात तो लागत नाही आणि पाठोपाठ ‘फादर’ हे नाम येतं, म्हणजे ते प्रिपोझिशन. झालं की नाही सोपं?

आता तुमची परीक्षा! ‘व्हॉट डज ही लुक लाइक?’ यात ‘डज’ आहे. मग ‘लाइक’ क्रियापद असेल का? आधी वहीत विधान लिहा, मगच खाली बघा.

उत्तर : नाही. ‘ही लुक्स लाइक हिज फादर.’ ‘एस’ लागला ‘लुक’ला! म्हणून ‘लुक’ क्रियापद आणि ‘लाइक’ प्रिपोझिशन. हा प्रश्न स्वभावाचा नाही, दिसण्याचा आहे.